खेपेवर पैसे: ‘हेल ड्रायव्हर्स’चं प्रकरण

‘हेल ड्रायव्हर्स’ हा १९५७ सालचा ब्रिटिश कृष्णधवल चित्रपट आज लोक शोधून पाहतात तो बहुतेक वेळा शॉन कॉनरीसाठी. जेम्स बाँड व्हायच्या पाच वर्षं आधीचा कॉनरी यात ड्रायव्हरांच्या घोळक्यात कुठेतरी मागे उभा आहे. दुसरं आकर्षण म्हणजे अरुंद गावरस्त्यांवरून बेफाम सुटलेले ट्रक. दोन्ही कारणं रास्त आहेत. मला मात्र या चित्रपटात सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो त्यातला पगाराचा हिशोब. मारामारी, प्रेम, अपघात, खून हे सगळं त्या एका हिशोबातून निघतं. म्हणून इथे तो कामगार-व्यवस्थापनाचं एक प्रकरण म्हणून तपासतो आहे. शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांना आधी पाहायचा असेल त्यांनी पाहून या.

कामाची अट

हॉलेट्स नावाची मालवाहतूक कंपनी आहे. खाणीवर खडी भरायची, बांधकामावर नेऊन ओतायची, रिकामा ट्रक परत आणायचा. धंदा एवढाच. टॉम येटली (स्टॅनली बेकर) तिथे काम मागायला येतो. मॅनेजर कार्टली (विल्यम हार्टनेल) त्याला अटी सांगतो: रस्ते वाईट आहेत, ट्रक जोरात हाणावा लागतो, पैसे खेपेवर मिळतील, आणि दिवसाला बारा खेपांच्या खाली गेलास तर घरी जायचं. ड्रायव्हरांचा मुकादम रेड (पॅट्रिक मॅकगूहन) एक नंबरचा ट्रक चालवतो आणि दिवसाला अठरा खेपा मारतो.

आता हा हिशोब ब्रिटनच्या तेव्हाच्या कायद्याशेजारी ठेवून बघू. १९३०च्या रोड ट्रॅफिक कायद्याप्रमाणे मालट्रकच्या ड्रायव्हरला चोवीस तासांत ११ तासांहून जास्त आणि सलग साडेपाच तासांहून जास्त गाडी चालवायला लावणं गुन्हा होता. ११ तास म्हणजे ६६० मिनिटं. बारा खेपा बसवायच्या तर एका खेपेला ५५ मिनिटं मिळतात. त्यात भरणं, ओतणं, जाणं, येणं, चहा, लघवी, पंक्चर सगळं आलं. रेडच्या अठरा खेपा त्याच ११ तासांत बसवल्या तर एका खेपेला ३७ मिनिटंही उरत नाहीत. शिवाय जड मालट्रकांना कायद्याने ताशी २० मैलांचीच मर्यादा होती, म्हणजे जेमतेम ३२ किलोमीटर. चित्रपट आला त्याच वर्षी ती ३० मैलांवर गेली. पडद्यावरच्या वेगाकडे पाहिलं तर या दोन्ही आकड्यांशी त्याचा काही संबंध नाही हे सांगायला नको.

कंपनीने ‘कायदा मोडा’ असं कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त आकडा दिला आहे. कायदा मोडायचा की नोकरी, हे ड्रायव्हरने आपल्या केबिनमध्ये बसून ठरवायचं. आपल्याकडे वाळू-मुरूम वाहणाऱ्या कुठल्याही डंपरवाल्याला हा प्रकार समजावून द्यावा लागणार नाही.

यात आणखी एक गोम आहे. खाणीवर खडी भरायच्या जागा मोजक्याच असतात. सगळेच ट्रक जोरात आले तर रांग लांबते, खडी काही जास्त निघत नाही. रस्त्यावर मिळवलेली पाच मिनिटं रांगेत जातात. तरीही प्रत्येकाला जोरात जावंच लागतं, कारण मागे राहिला त्याचा नंबर मागे पडतो आणि त्याची खेप बुडते. एकाने कट मारून पुढे जायचं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून एक खेप काढून घ्यायची. म्हणजे खडी पोचवण्यासाठी ही शर्यत आवश्यक नाही; ती फक्त ड्रायव्हरांना एकमेकांविरुद्ध उभं करते. चित्रपटातले ड्रायव्हर एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात, आणि सकाळी यार्डातून बाहेर पडताच एकमेकांना खड्ड्यात ढकलायला निघतात. हा स्वभावाचा दोष नाही, दरपत्रकाचा आहे.

कोण येतं अशा कामावर

टॉम तुरुंगातून सुटून आलेला आहे आणि ते तो लपवतो. ज्या गुन्ह्यासाठी तो आत गेला त्याच प्रकरणातल्या अपघातात त्याचा धाकटा भाऊ जिमी (डेव्हिड मॅककॅलम) पांगळा झाला. टॉम आईला पैसे द्यायला जातो तेव्हा ती घेत नाही. तो छोटा प्रसंग चित्रपटातल्या सगळ्या आदळआपटीपेक्षा जास्त लागतो. आई ओरडत नाही, रडत नाही, फक्त त्याला आत जागा देत नाही. घराची वाट बंद झालेला माणूस यार्डात परत येतो तेव्हा त्याला बारा खेपांची अट मान्य का आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जीनो (हर्बर्ट लोम) युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आलेला आणि युद्ध संपल्यावर तिथेच राहिलेला इटालियन. इंग्लंडात त्याचं स्वतःचं असं कुणी नाही. खोलीत मेरीमातेची मूर्ती, ऑफिसातल्या लूसीवर (पेगी कमिन्स) जीव, आणि गावाकडे परत जायचं स्वप्न. बाकीचे ड्रायव्हर जीनोची टिंगल करतात, टॉमशी मात्र त्याची मैत्री जमते. उरलेल्यांच्या घरच्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत, पण त्यांच्या वागण्यावरून एवढं कळतं की याहून बरं काम मिळालं असतं तर ते इथे नसते.

अशी माणसं कार्टलीला योगायोगाने मिळालेली नाहीत. ज्याला पोलिसांकडे जायचं नाही, ज्याला देशात कुणी नाही, ज्याला मागे घर नाही, तो तक्रार करत नाही. बारा खेपांची अट धडधाकट, कुटुंबकबिला असलेला, कायदा माहीत असलेला माणूस चार दिवसांत सोडून देईल. तेव्हा भरतीच्या वेळी जास्त विचारपूस न करणं हा इथे मनाचा मोठेपणा नाही. टॉमला वाटतं, बरं झालं, यांनी काही विचारलं नाही. कार्टलीला वाटतं, बरं झालं, याच्याकडे लपवायला काहीतरी आहे.

याची किंमत गावातल्या नाचाच्या रात्री वसूल होते. ड्रायव्हर मंडळी तिथे मारामारी उकरून काढतात. पोलीस येणार हे दिसताच टॉम काढता पाय घेतो. त्याला दुसरा इलाजच नाही. एकदा नाव पोलिसांच्या वहीत गेलं की संपलं. पण सोबत्यांना तो संकटात साथ सोडून पळालेला भेकड दिसतो. तिथून पुढे टॉमची खेप बुडवणं हा सगळ्यांचा सामूहिक उद्योग होतो. रस्ता अडवायचा, घासून जायचं, मागेपुढे कोंडायचं. रेडला वेगळं काही करावंच लागत नाही. त्याच्या हाताखालची माणसंच त्याचं काम करतात.

सोन्याची सिगारेट केस

रेडकडे एक सोन्याची सिगारेट केस आहे. एका दिवसात जो त्याच्यापेक्षा जास्त खेपा मारेल त्याला ती मिळेल, असं त्याचं उघड आव्हान. पटकथेतली सगळ्यात हुशार वस्तू हीच, असं मी म्हणेन.

बक्षीस एक, तेही बहुधा कधीच न दिलं जाणारं. पण ते मिळावं म्हणून सगळेच रोज जास्त खेपा मारतात. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर आवळाही हातात पडत नाही. त्याहून मोठा फायदा असा की सिगारेट केसमुळे प्रश्नच बदलतो. ‘बारा खेपा माणसाला झेपतात का?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘रेडला कोण हरवणार?’ हा विचारतात. जो बाराही पूर्ण करू शकत नाही त्याची इतरांना कीव वाटत नाही. एवढंही जमत नाही म्हणजे कच्चा ड्रायव्हर, अशी समजूत होते. अटीवरचा राग अटीवर जात नाही, शेजाऱ्यावर जातो. रेडवर जातो तोही त्याच्यासारखं होण्याच्या ईर्षेने.

टॉम स्वतः यात अडकतो हे चित्रपटाने लपवलेलं नाही. तो शहाणा आहे, सोसलेला आहे, तरी त्याला ती केस हवी असते. रेडला एकदा मारामारीत लोळवूनही त्याचं समाधान होत नाही. त्याला रस्त्यावर हरवायचं असतं. आणि याच हट्टापायी जीनो जातो. सगळे टॉमच्या मागे हात धुऊन लागले आहेत, तर आपण ट्रकांचे नंबर बदलू, त्रास मला होईल आणि तू मोकळा पळशील, अशी जीनोची कल्पना. मैत्रीतून सुचलेला भाबडा डाव. त्यात जीनोचा ट्रक उलटतो आणि तो इस्पितळात मरतो. कारण शोधायला गेलं तर रेड दोषी आहेच, पण ती केस मिळवायची टॉमची ईर्षा नसती तर नंबर बदलायची वेळच आली नसती. नायकाला इतका वाटेकरी करणारे चित्रपट त्या काळात फार नव्हते.

कुंपणानेच शेत खाल्लं

आतापर्यंत प्रेक्षकाला वाटत असतं की कंपनीला माल भराभर हवा आहे म्हणून घाई आहे. उलगडा पुढे होतो, लूसीच्या तोंडून. हिशोबाचे कागद तिच्या हाताखालून जातात, त्यामुळे यार्डात खरं काय चाललंय हे कळू शकेल अशी ती एकटीच. मुख्य कचेरी जितक्या ड्रायव्हरांचे पैसे मंजूर करते त्याहून कमी माणसं कार्टली कामावर ठेवतो. राहिलेल्या माणसांच्या वाटचं काम हजर असलेल्यांकडून काढून घेतो. वाचलेले पैसे कार्टली आणि रेड वाटून खातात.

रोजगार हमीच्या कामावरचं बोगस मस्टर ज्यांनी ऐकलं-पाहिलं आहे त्यांना यात नवं वाटणार नाही. फरक इतकाच की बोगस मस्टरमध्ये काम न होता पैसे उचलले जातात; इथे काम पूर्ण होतं, माणसं मात्र कमी असतात. म्हणून चोरी दिसत नाही. खडी वेळेवर पोचते, कचेरी खूश, बांधकामवाला खूश. चोरी पैशांची आहेच, पण ती रुपये-पैशांत भरून निघत नाही. ड्रायव्हरांच्या नशिबाने भरून निघते. वळणावर समोरून सायकलवाला आला नाही तर हिशोब जुळला, आला तर नाही.

आता बारा हा आकडा कुठून आला तेही कळतं. तो रस्त्याच्या लांबीवरून काढलेला नाही, ट्रकच्या ताकदीवरूनही नाही. एकूण काम भागिले हजर माणसं, एवढाच त्याचा आधार. आणि रेडचे अठरा कशासाठी, तेही कळतं. जिथे मुकादम स्वतः अठरा मारून दाखवतो तिथे बारा जास्त आहेत म्हणायला तोंड कुणाला राहतं?

कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात उक्त्या मजुरीवर एक प्रकरण लिहिलं आहे. तिथे त्याने नेमकं हेच टिपलं आहे: मजुरी कामाच्या नगावर ठरली की देखरेखीची गरज कमी होते, आणि मालक-मजूर यांच्यामध्ये एक मधला माणूस शिरायला जागा होते. मालक देतो तो दर आणि मजुराच्या हातात पडतो तो दर यांतला फरक हीच त्या मधल्या माणसाची कमाई. ऊसतोडीच्या मुकादमाबद्दल बोलताना महाराष्ट्रात हे वेगळ्या शब्दांत रोज बोललं जातं. दिग्दर्शकाने मार्क्स वाचला होता का, हा प्रश्न इथे उगाच काढलेला नाही, त्याकडे येतो.

चौकटीबाहेर ठेवलेलं

चित्रपटात युनियन नाही. एकही माणूस तो शब्द गांभीर्याने काढत नाही. हे खटकण्यासारखं आहे, कारण तेव्हा ब्रिटनमधली सगळ्यात मोठी युनियन वाहतूक कामगारांचीच होती, ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन. १९५६ साली तिचा सरचिटणीस झालेला फ्रँक कझिन्स एकेकाळी खाणीत काम केलेला आणि नंतर लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेला माणूस होता. ट्रक ड्रायव्हरांचं किमान वेतन ठरवायला १९३८ पासून कायदा होता. म्हणजे टॉम आणि जीनोसारख्यांसाठी दार अगदीच नव्हतं असं नाही. चित्रपट ते दाखवत नाही.

बाजू घेऊन बोलायचं तर असं म्हणता येईल की हॉलेट्ससारखी ठिकाणं युनियनच्या कक्षेबाहेरच असायची. १९४७च्या कायद्याने लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारने ताब्यात घेतली आणि ब्रिटिश रोड सर्व्हिसेस उभी राहिली. १९५३ साली चर्चिलच्या सरकारने ते उलटवून सरकारी ट्रक खाजगीत विकायला काढले. धंदा पुन्हा लहानमोठ्या खाजगी वाहतूकदारांकडे वळला. त्या मोकळ्या सुटलेल्या वातावरणात चित्रपट घडतो. देशभर बांधकाम चालू आहे, खडी हवी आहे, मोटरवे, म्हणजे द्रुतगती महामार्ग, अजून एकही नाही; पहिला तुकडा, प्रेस्टनचा वळणरस्ता, डिसेंबर १९५८मध्ये सुरू झाला. म्हणून हे सगळे ट्रक कुंपणांच्या मधल्या, एका वेळी दीड गाडी मावेल अशा रस्त्यांवरून धावताना दिसतात.

मालकही नाही. हॉलेट्स हे नाव आहे, पण मालक म्हणून लक्षात राहील असा माणूस पडद्यावर येत नाही. माझ्या मते ही चित्रपटाची सगळ्यात मोठी सोय आहे आणि सगळ्यात मोठी पळवाटही. दोन चोर सापडले की कंपनी धुतल्या तांदळासारखी सुटते. कचेरीने पुरेशा माणसांचे पैसे दिले होते, मध्ये कुंपणाने शेत खाल्लं, विषय संपला. पण खेपेवर पैसे देण्याची पद्धत कुणी आणली? यार्डात माणसं किती, खेपा किती, अपघात किती, हे वर्षानुवर्षं कुणी मोजलं कसं नाही? कार्टलीने पूर्ण माणसं ठेवली असती तर अट बाराऐवजी आठ-नऊ झाली असती एवढंच. शर्यत तीच राहिली असती.

दिग्दर्शकाचं स्वतःचं प्रकरण

श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून ‘सी. रेकर एंडफील्ड’ असं नाव येतं. हा साय एंडफील्ड, पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा अमेरिकन. १९५० साली त्याने ‘द साउंड ऑफ फ्युरी’ नावाचा चित्रपट केला होता: बेकार माणूस गुन्ह्यात ओढला जातो आणि जमाव कायदा हातात घेऊन त्याला मारतो. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्याचं नाव कम्युनिस्ट म्हणून घेतलं गेलं. हॉलिवुडची दारं बंद झाली. १९५१च्या अखेरीला तो इंग्लंडात आला.

तिथे काम मिळालं, पण नाव लावायची सोय नव्हती. नाव दिसलं तर अमेरिकेत चित्रपट विकणं अवघड. मग छोटे, स्वस्तातले चित्रपट दुसऱ्याच्या नावाने. ‘द लिंपिंग मॅन’वर चार्ल्स द लोतूर या दुसऱ्याच दिग्दर्शकाचं नाव लागलं, ‘द मास्टर प्लॅन’वर ह्यू रेकर असं बनावट. म्हणजे जुनी नोंद लपवून, मिळेल त्या दरात, जास्त न विचारणाऱ्या मालकाकडे काम करणारा माणूस एंडफील्डला कल्पनेतून रंगवायचा नव्हता. पटकथा जॉन क्रूझची आणि त्याची. मूळ कथा क्रूझची. टॉम पोलिसांची गाडी यायच्या आत नाचाच्या हॉलमधून निघून जातो त्या दृश्यात कॅमेरा त्याला दोष देत नाही, त्याचं कारण मला इथे दिसतं.

पुढचा भाग मात्र सरळ नाही. १९६० साली एंडफील्डने त्याच समितीपुढे जाऊन साक्ष दिली, नावं घेतली, आणि आपली वाट मोकळी करून घेतली. त्यानंतर तो साय एंडफील्ड या आपल्या नेहमीच्या नावाने काम करू लागला. १९६४चा ‘झुलू’ त्याचाच, बेकरसोबत. ज्याने ‘हेल ड्रायव्हर्स’मध्ये एकमेकांवर उलटवली जाणारी माणसं इतक्या समजुतीने दाखवली त्यानेच तीन वर्षांनी तसं करावं, हे वाचताना बरं वाटत नाही. पण नऊ वर्षं नाव लपवून किंवा बदलून राबलेल्या माणसाला इथे बसून नैतिक धडे देण्यातही अर्थ नाही.

स्टॅनली बेकरला हा विषय परका नव्हता. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या फर्नडेलचा तो, कोळसा खाण कामगाराचा मुलगा. वडिलांचा पाय खाणीतल्या अपघातात गेला होता. तेव्हाच्या ब्रिटिश पडद्यावर नायक बहुधा साफसूफ बोलणारे, अधिकाऱ्यासारखे असत. बेकरचा चेहरा आणि खांदे कामगाराचे वाटतात. तो स्टिअरिंगवर बसतो तेव्हा ट्रक खरंच चालवतो आहे असं वाटतं.

कमी पैशांत वेग

सेट म्हणजे एक यार्ड, एक खाण, राहण्याचं घर, एक उपाहारगृह, नाचाचा हॉल. बाकी सगळा रस्ता. रँक ऑर्गनायझेशनने पैसे घातले होते, पण हॉलिवुडच्या तोडीचे नव्हेत. जे होते ते कुठे वापरायचे हे एंडफील्डला कळत होतं. सुरुवातीची नामावलीच धावत्या ट्रकच्या तोंडाशी लावलेल्या कॅमेऱ्यातून दिसते. रस्ता थेट आपल्या अंगावर येतो, ड्रायव्हर दिसत नाही, संगीत धडधडत असतं. पहिल्या दोन मिनिटांत चित्रपटाने आपलं म्हणणं मांडलेलं असतं.

छायाचित्रण जेफ्री अन्सवर्थचं, ज्याने पुढे ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ केला. इथे त्याच्याकडे व्हिस्टाव्हिजन होतं. त्यात ३५ मिलिमीटरची फिल्म उभी न चालवता आडवी चालवतात, त्यामुळे एकेका चौकटीला दुप्पट जागा मिळते आणि चित्र काचेसारखं स्वच्छ येतं. ही पद्धत मोठ्या रंगीत चित्रपटांसाठी आणलेली. अन्सवर्थने ती धूळ, चिखल आणि डिझेलच्या काजळीवर खर्च केली. हौद्यातून उडणारे खडे मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात.

वेगाची मात्र थोडी लबाडी आहे. काही दृश्यांत कॅमेरा हळू चालवून चित्रण केलं आहे, म्हणजे पडद्यावर सगळं जलद दिसतं. लक्ष देऊन पाहिलं तर ट्रकांची डुगडुग थोडी खेळण्यासारखी वाटते आणि रस्त्याकडेची माणसं जरा जास्तच तुरुतुरु चालतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. गंमत म्हणजे ट्रक खरोखर त्या वेगाने पळवता आले नसते, हीच तर कार्टलीच्या अटीतली खोट आहे.

ट्रक डॉजचे, लंडनजवळच्या क्यू इथल्या कारखान्यातले. नाकाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा म्हणून तिकडे त्यांना तेच टोपणनाव पडलं होतं. डॉज हे नाव आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांनाही अनोळखी नाही: वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात १९४७पासून क्रायस्लरचे डॉज आणि फार्गो ट्रक काढायला सुरुवात केली होती.

नटसंचाबद्दल फार लिहीत नाही, कारण बहुतेक लेख तेवढ्यावरच संपतात. मॅकगूहन, हार्टनेल, मॅककॅलम, सिड जेम्स, गॉर्डन जॅक्सन, जिल आयर्लंड, कॉनरी. यातले निम्मे पुढच्या दहा वर्षांत घरोघरी पोचले. हार्टनेल तर १९६३मध्ये ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेतला पहिला डॉक्टर झाला. मॅकगूहनचा रेड जरा जास्तच भडक आहे. तोंडाच्या कोपऱ्यात सिगारेट, डोळे बारीक, प्रत्येक वाक्य दात खात. एवढा राक्षस समोर असला की दरपत्रकाकडे प्रेक्षकाचं लक्ष जाणं कठीण. हार्टनेलचा कार्टली जास्त खरा वाटतो: टेबलामागे बसलेला, चिडका, सतत घड्याळाकडे बघणारा माणूस, जो स्वतः कधी ट्रकमध्ये चढत नाही.

चढतो तो शेवटी. जीनो गेल्यावर आणि सगळा डाव कळल्यावर टॉम रेडच्या मागे लागतो. रेड आणि कार्टली मिळून टॉमचा ट्रक खाणीच्या कड्यावरून ढकलायला बघतात आणि त्यांचाच ट्रक खाली जातो. प्रसंग थरारक आहे, पण प्रकरण म्हणून तो सोडवणूक नाही. साक्षीदार संपले, आरोपी संपले, हिशोबाचे कागद कुठल्या कोर्टात गेले नाहीत.

कायदा नंतर कुठे पोचला

११ तासांचा नियम १९५७ सालीही होता, मग तो हॉलेट्सच्या यार्डात का पोचला नाही? कारण नोंद ड्रायव्हरनेच लिहायची असे. १९३३च्या कायद्याने कामाच्या तासांची नोंद ठेवणं बंधनकारक केलं होतं, पण पेन्सिल ज्याच्या हातात त्यालाच खोटं लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खेपेवर पैसे घेणारा माणूस आपण चौदा तास चालवल्याचं कशाला लिहील?

युरोपीय समुदायाने हा प्रश्न दोन बाजूंनी धरला. एक, वेग आणि तास आपोआप नोंदवणारं टॅकोग्राफ हे यंत्र. दोन, पगाराची पद्धतच: १९८५च्या नियमावलीत ड्रायव्हरला कापलेल्या अंतरावर किंवा वाहिलेल्या मालावर पैसे अथवा बोनस देणं निषिद्ध केलं, रस्त्यावरच्या सुरक्षिततेला त्याने धक्का लागत नसेल तेवढीच सूट. २००६च्या नियमावलीतही ते कलम कायम राहिलं. भारतात १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता. खेपेच्या दरावर बोट ठेवणारं असं थेट कलम त्यात नव्हतं.

ब्रिटनमध्ये टॅकोग्राफला विरोध झाला तो केवळ मालकांकडून नव्हे. कझिन्सच्या त्याच युनियनने, त्याच्यानंतरच्या काळात, त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणून नाकारलं होतं. अनेक ड्रायव्हरांचा घरखर्च जादा तासांवर चालायचा, आणि यंत्राने ते तास उघडे पडणार होते. १९७९ साली युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला तेव्हा कुठे ते यंत्र सक्तीचं करायला सरकार तयार झालं.